सही नसलेली दुरुस्ती

संपादकबाईंचा फोन आला, "काका, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा ना, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणून बसलो. गमती होत्याही पुष्कळ. पण कागद पुढ्यात घेतला आणि जे उतरलं त्यात गंमत फारशी नाही. आता छापायचं की केराच्या टोपलीत टाकायचं ते बाईंनी ठरवावं.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, कारण ते आमच्या घरातसुद्धा कुणाला नीट कळलेलं नाही. अठ्ठ्याण्णव साली पुण्यातली नोकरी सोडून मी रत्नागिरीला परत आलो. वडील अंथरुणाला खिळले होते आणि मी एकुलता एक. इथं औद्योगिक वसाहतीत वसंतरावांचा लहानसा कारखाना होता. आम्ही तापमान टिपून ठेवणारे डबे बनवायचो. डबा फ्रिजवर किंवा शीतगृहाच्या भिंतीवर बसवायचा, त्याची तार आत सोडायची, आणि महिन्याच्या शेवटी छापील कागद काढायचा: अमुक दिवशी इतके अंश, अमुक रात्री इतके अंश. बंदरावरचे बर्फाचे कारखाने, मच्छी गोठवणारे, आंब्याचा रस डब्यात भरणारे, ही आमची गिऱ्हाइकं.

डब्याच्या आत एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि एक फ्लॅश मेमरीची चिप. त्या दोघींच्या मधला कारकून म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. तो मी लिहायचो. सिस्टीम म्हणणार, 'हे ठेव', 'ते दे', आणि कारकुनानं चिपमध्ये जाऊन ठेवायचं नि आणायचं. एवढंच असतं तर शाळेतल्या मुलानंही लिहिलं असतं. पण फ्लॅश मेमरी ही विसरभोळी बाई आहे. तिच्यात लाखो बारीक खुणा असतात, असलेल्या किंवा नसलेल्या. उष्णतेनं, वापरानं, वयानं त्यातली एखादी आपोआप उलटते. म्हणून कारकुनाला पडताळा ठेवावा लागतो, आणि चूक सापडली तर दुरुस्तही करावी लागते.

ही दुरुस्ती कशी होते ते मी लोकांना सुपाऱ्यांनी समजावायचो. पाटावर चौकटी आखा. काही चौकटींत सुपारी ठेवा, काही रिकाम्या ठेवा, पण अशा बेतानं, की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत सुपाऱ्या सम संख्येनं येतील. आता तुमची पाठ वळली असताना मी एक सुपारी उचलली. तुम्ही मोजलंत, तर एक आडवी ओळ विषम निघेल आणि एक उभी. दोन्ही जिथं छेदतात तिथलीच सुपारी गेली. ठेवा परत. झाली दुरुस्ती. दोन उचलल्या, तर काहीतरी गडबड आहे एवढं कळेल, कुठं ते कळणार नाही. इथपर्यंत आलं की लोक माना डोलवायचे आणि मी चहा मागवायचो.

तीन सुपाऱ्यांचं मात्र मी कधी सांगत नसे. एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या तीन सुपाऱ्या उचलल्या, तर ओळी मोजणाऱ्याला एकच आडवी विषम दिसते आणि एकच उभी. आणि त्या दोन्ही छेदतात कुठं, तर चौथ्या कोपऱ्यात, जिथं काहीच बिघडलेलं नाही. मोजणारा छातीठोकपणे त्या चौथ्या चौकटीला धरतो आणि तिला 'दुरुस्त' करतो. पाटावर करून बघा, खोटं वाटत असेल तर. मला हे कॉलेजपासून पाठ होतं. पण त्या चिपच्या बाबतीत असं लाखात एकदा व्हायचं, म्हणून मी ते विसरल्यासारखं केलं होतं.

पहिल्या डब्यांत मी एक सोय ठेवली होती. दुरुस्ती झाली की छापील कागदावर त्या नोंदीखाली ओळ यायची, 'येथे चूक दुरुस्त केली'. बंदरावर बर्फाचा कारखाना चालवणारे हमीदभाई पहिल्याच महिन्यात तो कागद नाचवत आले.

"साठे, ही काय भानगड? माझ्या डब्यात चूक?"

"दुरुस्त झाली ना, भाई."

"खोट होती म्हणून तर दुरुस्त केलीस. मग खोटीचा डबा माझ्या गळ्यात कशाला?"

मी त्यांना सुपाऱ्या मांडून दाखवल्या. त्यांनी त्यातली एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "तू करायची ती दुरुस्ती कर बाबा, पण मला सांगू नको. गिऱ्हाईक कागद बघतो आणि माझ्याकडं संशयानं बघतो." वसंतरावांचंही तेच म्हणणं पडलं. "साठे, स्वयंपाकात खडा लागला तर गपचूप काढून टाकावा. पाहुण्यांना ताटात वाढून दाखवतात का?" मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला आवडलंच. कागद स्वच्छ दिसायला लागले. मी ती ओळ काढून टाकली.

पुढं दोनेक वर्षांनी जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली. नवी आली, मोठी आणि स्वस्त. तिच्याबरोबर जाडजूड माहितीपत्रक. मी तिचे धातूचे पाय जुन्या जागी बसतात का, वीज किती लागते, ते नीट बघितलं. त्याच पत्रकात एक वाक्य होतं, की या चिपला एका पानात, म्हणजे तिच्या एका कप्प्यात, चार चुका दुरुस्त करण्याची तजवीज हवी. म्हणजे एकाच्या नव्हे, चारांच्या ताकदीची, वेगळी, मेहनतीची पद्धत. माझ्या ड्रायव्हरच्या मांडणीत त्या जागी 'एक' लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं. वाक्य मी वाचलं नव्हतं असंही म्हणवत नाही. पत्रकाच्या त्या पानाच्या कोपऱ्याला माझीच पेन्सिलीची टिकली आहे. नंतर करू म्हणून ठेवलं असणार.

त्या नव्या चिपचा एक डबा आतल्या तालुक्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात गेला. तिथं रक्ताच्या पिशव्या ठेवायची एक खोली होती. पिशव्या जिल्ह्याच्या गावाहून यायच्या आणि तिथल्या फ्रिजमध्ये चार अंशांवर राहायच्या. फ्रिजचा ताबा मांडवकर सिस्टरांकडं. वय पन्नाशीच्या आत, उंच, बोलणं मोजकं. डबा बसवायला गेलो तेव्हा त्यांनी मला त्यांचं रजिस्टर दाखवलं होतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला त्या स्वतः तापमान बघून लिहीत. एखादा आकडा चुकला तर त्यावर एकच बारीक रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. मी थट्टेनं म्हटलं, "आता हे बंद करा, सिस्टर. आमचा डबा आलाय." त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहित्ये."

वर्षभरानं, मार्गशीर्षातली गोष्ट. तिथं एक बाविशीतली मुलगी बाळंत झाली. रक्त फार गेलं, म्हणून तिला एक पिशवी चढवली. तासाभरात तिला हुडहुडी भरली, ताप चढला, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. मूल वाचलं. डॉक्टरांचा संशय पिशवीवर. पिशवी बाहेर राहून नासली असेल का? चौकशी बसली आणि आमच्या डब्याचा कागद मागवला गेला. मीच जाऊन तो काढला. पिशवी चढवली त्याच्या आदल्या दिवसाची नोंद होती, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सरासरी वीस अंश. रात्रीची नोंद, चार अंश. बाकी सगळे दिवस चार, चार, चार.

त्या आदल्या दिवशी सकाळी सिस्टरांनी दुसऱ्याच एका रुग्णासाठी फ्रिजमधून एक पिशवी काढून दिली होती आणि मग दिवसभर त्या बाळंतिणींकडं अडकल्या होत्या. झालं, सगळं जुळलं. घाईत दार उघडं राहिलं, संध्याकाळी येऊन लावलं, आणि रजिस्टरात चार लिहून मोकळ्या झाल्या.

चौकशी रुग्णालयाच्याच एका खोलीत झाली. टेबलापलीकडं तिघं अधिकारी, एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी. मधोमध रजिस्टर आणि आमचा कागद. रजिस्टरात नेमकं त्याच दिवशी सकाळी 'सहा'वर रेघ मारून 'चार' केलेलं होतं.

"ही खाडाखोड कसली?" मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चष्मा लावला नव्हता. सहा वाटलं म्हणून लिहिलं. चष्मा लावून परत बघितलं तर चार होतं. रेघ मारली आणि सही केल्ये."

अधिकाऱ्यांनी आमच्या कागदाकडं बोट दाखवलं. "आणि इथं एकही खाडाखोड नाही."

मग गणू शिपायाला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "दार बंद व्हतां, सायेब. दुपारी मी त्येलाच पाठ टेकून बसलेला व्हतो."

"म्हणजे झोपला होतास," अधिकारी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी माझा नंबर. "साठे, तुमचं यंत्र चुकू शकतं का?"

मी काय बोललो ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. "चुकलं तरी ते आपली चूक आपणच दुरुस्त करतं, साहेब."

सिस्टरांनी माझ्याकडं वळून बघितलं. "आणि दुरुस्ती केलीन हे लिहितं कुठं?"

"ते लिहायची गरज नसते," मी म्हणालो.

सिस्टरांना निलंबित केलं. त्या मुलीच्या माहेरचे लोक रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन त्यांना नाही नाही ते बोलले. काही महिन्यांनी सिस्टरांनी स्वतःच राजीनामा दिला, असं कानावर आलं. पुरावा म्हणून काढलेला आमचा डबा कारखान्यात परत आला आणि माझ्या कपाटात पडून राहिला. मला वाईट वाटलं होतं, पण ते त्या मुलीसाठी. सिस्टरांचा मला रागच आला होता. माझ्या डब्याला खोटं पाडायला निघाल्या होत्या ना!

दीड वर्ष गेलं. एक दिवस हमीदभाई आले ते हसतच. "साठे, माझा बर्फ उकळला रे!" त्यांच्या नव्या डब्याच्या कागदावर, बर्फ साठवायच्या खोलीत, एका दिवसाची सरासरी चौसष्ट अंश होती. सगळा कारखाना हसला. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चिपमध्ये आकडा एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या खुणांच्या बेरजेनं लिहितात, म्हणून शून्य आणि चौसष्ट यांत एकाच खुणेचा फरक. चार आणि वीस यांतही एकाच, सोळाच्या खुणेचा.

मी कपाटातून रुग्णालयाचा डबा काढला. ड्रायव्हरमधली दुरुस्ती पूर्ण बंद केली आणि चिपमध्ये जे मुळात आहे ते तसंच वाचलं. त्या दिवसाची नोंद चार होती. चिपला ती बरोबर आठवत होती. त्याच पानाच्या कोऱ्या भागात तीन खुणा उलटल्या होत्या, डबा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला बसवला होता म्हणून असेल. तीन कोपरे. माझ्या कारकुनानं मोजदाद केली, निर्दोष चौथा कोपरा धरला आणि चाराचे वीस केले. कुठंही न लिहिता.

त्याहून वाईट पुढं आहे. वीस अंशांवर दिवसभर तापलेला फ्रिज पाच वाजता दार लावल्याबरोबर चारावर येत नाही. त्याला तास न् तास लागतात. रात्रीची सरासरी सात-आठ तरी यायलाच हवी होती. ती चार होती. हे समजायला चिप उघडावी लागत नव्हती, दोन ओळी एकाखाली एक वाचल्या असत्या तरी पुरे होतं. त्या खोलीत ते समजू शकणारा मी एकटाच होतो. पण मी यंत्राचा वकील होऊन बसलो होतो.

वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत म्हणाले, "सगळे नवे डबे परत मागव. ड्रायव्हर बदल. खर्च होऊ दे. पण मिटलेली फाइल उघडू नको, साठे. बाईंनी राजीनामा दिलाय, गेलेली मुलगी परत येणार नाही, आणि पंचवीस माणसांच्या चुली या कारखान्यावर आहेत."

तेव्हा ज्येष्ठ होता. मी डबे बदलायला घेतले. ते काम खरंच मोठं होतं, त्यामुळं मला तोंड लपवायला जागा मिळाली. आमच्याकडं अवघड काम 'गणपती झाले की बघू' म्हणून पुढं ढकलायची रीत आहे. मीही तेच केलं. गणपती झाले, मग नवरात्र आलं. चार महिने मी रोज जेवलो, झोपलो, आणि ती बाई त्या चार महिन्यांतही दोषीच राहिली. वसंतरावांना दोष देऊन मला सुटता येणार नाही. त्यांनी मला कुलपात घातलं नव्हतं. मी भित्रा होतो.

शेवटी दसऱ्यानंतर गेलो. सिस्टर हेदवीजवळ भावाच्या घरी राहत होत्या. ओळखू येईनात इतक्या वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "डबेवाले साठे ना? बसा." मी बोलायला सुरुवात करणार, तोच त्या उठल्या आणि आत जाऊन आल्या. दोन मिनिटांनी पुन्हा उठल्या. पाणी घेऊन आलेल्या त्यांच्या भावजयीनं हळूच सांगितलं, "मागीलदार लावलंय की नाही ते बघून येतात. दिवसातून शंभरदा. वन्संना आता सवयच लागल्ये हो ती."

मी सगळं सांगितलं. चिप, तीन कोपरे, चौथा कोपरा, पेन्सिलीची टिकली, चार महिने. काही झाकलं नाही. "तुमची नोंद बरोबर होती, सिस्टर. दार बंदच होतं."

त्या अंगणाकडं बघत म्हणाल्या, "पहिले काही दिवस मला पक्कं ठाऊक होतं, की दार मी लावलंय. खटका ऐकलेला. मग रोज तो दिवस आठवत बसायची. आठवता आठवता दार उघडं दिसायला लागलं. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय माझ्याशी वैर? मीच मारली ती पोर, असं धरून चालल्ये मी इतके दिवस."

मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

"मग ती गेली कशानं?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. पिशवीत आधीपासूनच काही शिरलं असेल. फ्रिजनं नाही, एवढं नक्की."

"बरं. हे कागदावर लिहा. दोन प्रती. एक ऑफिसला पाठवा. एक मला द्या, त्या मुलीच्या आईकडं घेऊन जात्ये. ती मला घरात घेईल न घेईल, पण मी जाणार."

त्या कागदांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. ऑफिसातून पोचपावती आली आणि सात-आठ महिन्यांनी दोन ओळींचं पत्र, की सिस्टरांवरचा ठपका काढून टाकण्यात येत आहे. नोकरीवर त्या परत गेल्या नाहीत. मुलीच्या आईनं त्यांना घरात घेतलं नाही. ओट्यावर उभ्यानं कागद ऐकून घेतला, "बरां" म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या वाटेनं परत येताना सिस्टरांना काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. वसंतरावांचा कारखाना बुडाला नाही. मला त्यांनी काढलंही नाही, पण मरेपर्यंत माझ्याशी कामापलीकडं बोलले नाहीत. आणि डब्यांच्या कागदावर 'येथे चूक दुरुस्त केली' ही ओळ मी परत आणली. हमीदभाईंना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आधी सांगायचंस की रे." आता, आधी सांगितलंच होतं, पण ते असो.

तर त्या दिवशी हेदवीला. भावजयीनं फुलस्केप कागद आणून दिले, सिस्टरांनी आपलं पेन दिलं. मी पडवीत मांडी घालून लिहायला लागलो. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की...' 'त्या दिवशी फ्रिजचे खरे तापमान' इथपर्यंत आलो आणि पुढं 'वीस' लिहून गेलो. दोन वर्षं तोच आकडा डोक्यात बसला होता, तोच पेनातून उतरला. लक्षात येताच मी तो खसाखसा गिरवायला लागलो, अगदी दिसेनासा व्हावा म्हणून.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं.

"असं गिरवू नका. दुसरा कागद घ्या, परत सगळं तसंच लिहा, तो चुकीचा आकडासुद्धा. मग त्यावर एकच रेघ मारा. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे."

मी दुसरा कागद घेतला. पुन्हा लिहीत त्या शब्दापर्यंत आलो. 'वीस' लिहिलं, त्यावर एक बारीक रेघ ओढली, बाजूला 'चार' लिहिलं आणि पुढच्या ओळीकडं वळलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तिथं सही करा."

मी केली.